तेंडाईच्या प्रबंधातलं माझं पान

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. सांगायला बसले की मी आधी दुसऱ्यांवरच चिडायला लागते — त्या परीक्षकांवर, कॉलेजवर, ग्रंथालयातल्या जुन्या जाडजूड इंग्रजी पुस्तकांवर. ती चीड खरी आहे, अजूनही आहे. पण तिच्या आड मी किती वर्षं उभी राहिले, ते आज तुम्हाला सांगते.

मी मूळची साताऱ्याची. नवरा संरक्षण खात्याच्या कारखान्यात नोकरीला, म्हणून लग्नानंतर मद्रासला आले आणि एका आर्किटेक्चर कॉलेजात वास्तुकलेचा इतिहास शिकवू लागले. टेंपररी. दर वर्षी जूनमध्ये नवी ऑर्डर. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. त्या वर्षी झिम्बाब्वेहून एक विद्यार्थी आला — तेंडाई. उंच, किडकिडीत, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारा. तिरुवल्लिकेणी भागात त्याला खोली मिळायला सात मॅन्शन, म्हणजे तिथली एकट्या पुरुषांना खोल्या देणारी लॉजं, पालथी घालावी लागली. पाटी असायची, 'रूम आहे'. हा दारात उभा राहिला की खोली नुकतीच भरलेली असायची. ते ऐकून मी संतापले होते. संतापणं मला फार सोपं जातं.

त्याला प्रबंध लिहायचा होता ग्रेट झिम्बाब्वेवर, आणि त्याची गाईड मी. त्या जागेवरूनच त्याच्या देशाला नाव मिळालं. सहा-सातशे वर्षांपूर्वीच्या प्रचंड दगडी भिंती — चुना नाही, गारा नाही, नुसते ग्रॅनाइटचे चिरे एकावर एक रचलेले. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. आमच्या अभ्यासक्रमात पहिल्या टर्मला इजिप्त आणि लगेच ग्रीस. इजिप्त आफ्रिकेत आहे, हे तरी आम्ही मुलांना कधी सांगत होतो?

तेंडाईनं मला शिकवलं. खरंच सांगते, त्या वर्षी शिक्षक तो होता. ग्रॅनाइट उन्हानं कसा पापुद्र्यासारखा सुटतो, जाळ करून त्याला आणखी कसा सोडवायचा, सारख्या जाडीचे थर कसे निवडायचे. भिंत वर जाताना आत कशी कलती ठेवायची, म्हणजे ती स्वतःच्याच वजनानं घट्ट बसते. टेकडीवर मोठाले खडक आहेत तिथे भिंत खडकाला फोडत नाही, त्याला वळसा घालून त्याच्यात मिळून जाते. सगळ्या वास्तूत एक काटकोन नाही. बाहेरच्या भिंतीच्या माथ्यावर दगडांचीच एक नागमोडी पट्टी, आणि ती फक्त एका बाजूला — का, तर तिथूनच लोक येत असणार. आत दोन उंच भिंतींमधली अरुंद वाट, पुढचं काही दिसत नाही.

"ही भिंत शत्रूला अडवायला नाही, मॅडम," तो म्हणाला होता. "आत मोठं माणूस आहे, हळू चाला — एवढंच ती सांगते."

आणि मग त्यानं सांगितलं की गोरे लोक तिथे पोचले तेव्हा त्यांनी काय ठरवलं. हे यांनी बांधलेलं असूच शकत नाही! कुणी म्हणालं फिनिशियन, कुणी म्हणालं अरब, कुणी बायबलातल्या शेबाच्या राणीला आणून बसवलं. उत्खनन करणाऱ्यांनी पन्नास वर्षांपूर्वीच सांगून टाकलं होतं की भांडी इथली, घरांच्या मातीच्या जमिनी इथल्या, माणसं इथलीच. तरी गोऱ्यांच्या सरकारनं ते पुस्तिकांत छापू दिलं नाही. ज्यांची जमीन घ्यायची, त्यांच्या पूर्वजांना एक भिंतसुद्धा बांधता येत होती असं कसं कबूल करायचं?

मी त्या दिवशी हातातला खडू फेकला होता. कारण मला हे ठाऊक होतं. कॉलेजात असताना आमची सहल वेरूळला गेली होती. तिथे एक परदेशी प्रवासी आपल्या बायकोला सांगत होता की एवढं कोरीव काम यांना बाहेरून कुणीतरी शिकवलं असणार. मी सगळ्या वर्गासमोर त्याच्याशी भांडले. आवाज चढवून, हात नाचवून. तेव्हा मला बोलता येत नव्हतं, मी भित्री होते, असं काही मनात आणू नका. मला बोलता येत होतं.

तेंडाईनं पल्लावरमच्या खाणीवरून दगडाच्या कपच्या आणल्या आणि कॉलेजच्या आवारात कंबरभर उंचीची एक वळणदार भिंत रचली. सिमेंटचा कण नाही. तीन आठवडे लागले. मुलं डबे घेऊन तिच्यावर बसायची. ती हलली नाही.

मग तोंडी परीक्षा आली. बाहेरून आलेले परीक्षक शहरातले नावाजलेले वास्तुविशारद होते. नाव सांगत नाही. आज दोष माझा सांगायचा आहे. त्यांनी ती भिंत छत्रीच्या टोकानं ढोसून पाहिली, छान म्हणाले. नकाशे पाहिले, फारच छान म्हणाले. मग तेंडाईला बाहेर जायला सांगितलं आणि एकसष्टाव्या पानावर बोट ठेवलं. तिथे त्यानं लिहिलं होतं : 'या भिंती आमच्या पूर्वजांनी बांधल्या. यावर शंका घेतली गेली ती पुरावा नव्हता म्हणून नाही, तर पुरावा नको होता म्हणून.'

"हा भावनेचा भाग झाला," परीक्षक म्हणाले. "अहो, झाडावरून उतरून एकदम राजवाडे?"

आणि ते हसले. आमचे विभागप्रमुख हसले.

मी — मीही हसले.

गालातल्या गालात नाही. मोठ्यानं, दात दाखवून हसले. मग त्यांनी मला विचारलं, तुम्ही गाईड आहात, तुमचं काय मत? माझ्या पिशवीत उत्खननाच्या अहवालाच्या टिपणांची वही होती. हात घालून काढायची, एवढंच. मी म्हणाले, "मतभेद आहेत, सर."

ते परीक्षक निवड समितीवर होते. पुढच्या जूनमध्ये मी कायम झाले. हे कारण म्हणून सांगत नाही. झालं ते सांगते.

बाहेर व्हरांड्यात तेंडाई बाकावर बसला होता. मला पाहून उठला. चेहरा उजळलेला.

"मॅडम, आतून हसण्याचा आवाज आला. चांगलं झालं ना?"

मी म्हणाले, "खूप भांडले मी तुझ्यासाठी. झालास पास."

त्यानं माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. मी ते सोडवून घेतले नाहीत.

तो पास झाला होता, पण एका अटीवर — ते पान बदलायचं. हे त्याला मी सांगितलंच नाही. त्याचं विमान चार दिवसांवर होतं, स्वतःची कार्बन प्रत त्यानं बॅगेत भरली होती, आणि कॉलेजच्या दोन प्रती बायंडिंगला टाकायचं काम त्यानं माझ्यावर सोपवलं होतं. तो गेला. आठवड्यानं मी नवं पान हातानं लिहून काढलं आणि तिरुवल्लिकेणीत रुक्कू अक्कांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये गेले.

रुक्कू अक्का तंजावरच्या मराठी. त्यांची मराठी तीनशे वर्षं तमिळ मुलखात राहिलेली. आम्हा नव्यानं आलेल्यांना ऐकायला गंमत वाटायची. तेंडाईचा अख्खा प्रबंध त्यांनीच टाइप केला होता, आणि तो आला की त्याला कॉफी दिल्याशिवाय सोडत नसत. त्यांनी माझा कागद वाचला, चष्मा वर केला.

"अय्यो टीचर, हे त्या पोरानं लिहिलेलं नव्हे की. त्याचं आधीचं पान बरं होतं."

"युनिव्हर्सिटीचा नियम आहे, अक्का," मी म्हणाले.

"नियम असो की. त्याला ठावं आहे काय?"

"आहे."

त्यांनी टाइप केलं. नव्या पानावर दोन वाक्यं होती. पहिलं : 'या वास्तूंचे निर्माते कोण, हे निश्चित सांगता येत नाही.' दुसरं : 'बाहेरून आलेल्या कुशल कारागिरांचा यात हात असावा, असे मानण्यास जागा आहे.'

आता नीट ऐका. पहिलं वाक्य परीक्षकांनी मागितलं होतं. दुसरं कुणीही मागितलं नव्हतं. ते मी माझ्या मनानं घातलं. पान रिकामं दिसू नये म्हणून? साहेब आणखी खूश व्हावेत म्हणून? वेरूळला ज्या माणसाच्या अंगावर मी धावून गेले होते, त्याचंच वाक्य मी तेंडाईच्या नावानं लिहिलं. आणि त्याच्या सहीखाली बांधून ग्रंथालयात ठेवलं.

त्याची पत्रं यायची. तो हरारेला शिकवू लागला होता. 'त्या खोलीत माझ्या बाजूनं बोलणारी एक व्यक्ती होती, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो.' मी उत्तरं पाठवायची. मद्रासचा उकाडा, मुलीची शाळा, आवारातली त्याची भिंत.

नव्वदनंतर माझ्याच एका विद्यार्थिनीनं आफ्रिकी वास्तुकलेवर लेख लिहिला. तिनं ग्रंथालयातून तेंडाईचा प्रबंध काढला आणि लिहिलं की तिथल्या अभ्यासकांनाही आता परकीय कारागिरांचा हात मान्य आहे. खाली तळटीप : तेंडाईचं नाव, पान एकसष्ट. लेख तपासायला माझ्याकडे आला. मी दोन स्वल्पविराम दुरुस्त केले आणि सही केली. तो एका मासिकात छापून आला.

मासिक फिरत फिरत हरारेला पोचलं. तेंडाईचं पत्र आलं, यावेळी अगदी छोटं. 'मॅडम, हे वाक्य माझं नाही. माझ्या प्रतीत ते नाही. इथे लोक मला विचारतात की तू हे का लिहिलंस. हे कुणी लिहिलं?'

दोन दिवस मी ते पत्र पर्समध्ये घेऊन फिरले. तिसऱ्या दिवशी लिहायला बसले. कुणी लिहिलं? एका शब्दाचं उत्तर होतं. मी पानभर लिहिलं. जुनी गोष्ट, प्रतींची घाई, परीक्षकांच्या टिपणातला मजकूर चुकून तुझ्या पानात गेला असावा — आणि शेवटी : 'टंकलेखिकेचा घोटाळा दिसतो. रुक्कू अक्कांचं वय झालं आहे.'

एकच बाई होती त्या सगळ्यात, जिनं विचारलं होतं, त्याला ठावं आहे काय? मी तिचं नाव दिलं.

त्याचं उत्तर महिन्याभरात आलं. त्यानं लिहिलं होतं की ग्रंथालयातली प्रत तेवढी दुरुस्त करून घ्या. आणि अक्कांना यातलं काही बोलू नका, एवढी पानं बडवताना कुणाच्याही हातून होतं, त्यांना उगाच वाईट वाटेल.

प्रत मी दुरुस्त करून घेतली नाही. ग्रंथपालांना कारणासह माझ्या सहीचं पत्र हवं होतं. ते मी दिलं नाही, आणि आता निवृत्त झाले. रुक्कू अक्का गेल्या वर्षी वारल्या. त्यांच्या हातून त्या प्रबंधात एकही चूक झालेली नव्हती.