डॉक्टर आणि कालव्याकाठची बेशरम

आमचे गुरांचे डॉक्टर निवृत्तीनंतरही रस्त्यात भेटलेल्या प्रत्येक शेळीचे मागचे पाय न्याहाळत. हडपसरच्या भर बाजारात ते असे थांबत आणि मलाही थांबावे लागे. एकदा मालकाने विचारले, "घ्यायची का, काका?" डॉक्टर म्हणाले, "नको. ती झिंगते का, एवढेच बघतोय."

झिंगण्याचे कारण कालव्याकाठी वाढे. बेशरम. माणसाहून उंच ताठ दांडे, लांबट हृदयाकृती पाने, कर्ण्यासारखी फिकी जांभळी फुले. पान तोडले की पांढरा चीक. सकाळी फिरायला येणारी मंडळी त्या फुलांसमोर फोटो काढीत. डॉक्टर मध्ये जाऊन उभे राहत. "विष आहे हे. आधी ओळखून ठेवा, मग हसा." त्यांच्याशी फारसे कोणी बोलत नसे.

या विषाची खोड त्यांनी मला समजावली होती. शेळी आधी त्याला तोंड लावत नाही. उन्हाळ्यात दुसरे हिरवे उरले नाही की चार पाने खाते. मग चटक लागते, आणि समोर गवत असले तरी ती तेच शोधते. मान हलू लागते, मागचे पाय लटपटतात, अंग झिजत जाते. "औषध नाही. वेळीच बांधून दुसरा चारा घातला तर वाचते. उशीर झाला तर मी केवळ सांत्वनाला येतो."

हे त्यांनी लोणी काळभोरच्या हिराबाईलाही सांगितले. शेळ्यांवरच तिचे घर चाले.

"शेळी शानी असती, डाक्टर. वंगाळ असंल त्याला ती तोंड लावनार न्हाई."

"शेळीच्या शहाणपणावर सगळे विसंबतात. स्वतःचे वापरावे लागत नाही."

ती हसली. शेळ्या मोकळ्याच राहिल्या. तिच्याकडच्या कालव्याकाठी बेशरम तेव्हा तुरळक होती.

हडपसरच्या काठची बेशरम मुळासकट उपटावी म्हणून डॉक्टरांनी सगळ्यांमागे लकडा लावला. उत्तर एकच: "हिरवे आहे, राहू द्या." अखेर आमच्या फिरणाऱ्या मंडळींनीच एका रविवारी स्वच्छता मोहीम काढली. एकसारखे टी-शर्ट, हातमोजे, कोयते. डॉक्टर आणि मी पोहोचलो तेव्हा काठ मोकळा झाला होता आणि कापलेले दांडे कालव्याच्या पाण्यातून लोणीकडे निघाले होते. बेशरमीचा तुकडा चिखलाला टेकला की मूळ धरतो.

"अहो, हे कापलेत की पेरलेत?" डॉक्टर ओरडले.

"तुम्हीच मागे लागला होतात ना, काका? काहीही करा, तुमचे समाधान नाही!"

डॉक्टरांनी काठीने काही दांडे अडवले. बाकीचे गेले.

पुढच्या उन्हाळ्यात हिराबाईचा काठ जांभळा झाला. एकेक शेळी लटपटू लागली. निम्मा कळप गेला. डॉक्टर धाप लागत असतानाही रिक्षाने तिथे जात. उरलेल्या शेळ्या बांधून ठेवायला त्यांनी तिला कसेबसे राजी केले. दिवाळीआधी ते वारले.

हे कळवायला मी लोणीला गेलो. शेळ्या दावणीला होत्या. पुढे ताजा घास, तोंडे कालव्याकडे. मला पाहताच हिराबाई म्हणाली, "दावं सोडलं की तिकडंच पळत्यात. डाक्टरास्नी ईचारा, आजून किती दिस बांधू?"

डॉक्टर गेल्याचे मी सांगितले. ती उठली आणि एकेकीचे दावे आखूड करीत गेली.