उघड्यावरची एक भिंत

शांतवनकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी कारखान्याच्या वसाहतीतल्या सिविक सेंटरमध्ये, आमच्या बँकेत काउंटरवर होते. आई एवढंच म्हणाली, "भाऊजी उठून नाई राहिले वं..." मी काउंटर बंद केला, मॅनेजरला सांगितलं आणि ऑटोत बसल्याबसल्या पहिलं काम काय केलं, तर बँकेच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा मजकूर लिहिला. 'आमचे प्रिय काका, निवृत्त सुपरवायझर, प्रभूच्या घरी गेले.' मरोद्याला घरी पोचेपर्यंत कितीतरी जोडलेले हात त्या ओळीखाली येऊन बसले होते. त्या ओळीतला एक शब्द खोटा होता. त्या दिवशी सुचलेला नव्हता तो, वर्षानुवर्षं मी तोच लिहीत आले होते. आज सहा आठवड्यांनी हा लेख लिहिते आहे, तो त्या एका शब्दासाठी.

काका मिस्त्री होते. पोलाद कारखान्यातल्या भट्ट्यांच्या आतून अग्निविटांचं अस्तर लावायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. भट्टी दुरुस्तीला काढली की ती पुरती निवायच्या आत हे लोक आत शिरत. पायात लाकडी तळव्याच्या चपला, अंगावर ओलं पोतं, आणि हातात वीट. त्यांच्या भुवया मी कधी पुऱ्या उगवलेल्या पाहिल्या नाहीत. दोन विटांच्या सांध्यात पोस्टकार्ड शिरलं तर काका ती वीट काढून पुन्हा लावत. मशीन शॉपमधल्या मित्राने लेथवर घडवून दिलेला एक पितळी ओळंबा होता त्यांच्याकडे, नव्या बाळाच्या मुठीएवढा. भिंतीला दोरी सोडायची, एक डोळा मिटायचा आणि तो लंबक थांबेपर्यंत श्वास धरायचा. घरात कॅलेंडर टांगलं तरी काका आधी ओळंबा लावून बघत, आणि आई म्हणे, "भाऊजी, तारीख पाहाची आहे, भट्टी नाई पेटवाची."

माझे बाबा रेल्वेच्या दुर्ग लाइनवर गँगमन होते. मी नववीत असताना ते गेले आणि आई मला घेऊन काकांच्या क्वार्टरमध्ये आली. काकू आधीच वारल्या होत्या, मूल नव्हतं. काका स्वतः नागपूरकडच्या मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. मी अभ्यासाला बसले की तेही समोर बसून राहत, जणू तेही एक कामच. आमच्या दोन्ही घरांत मिळून पहिली ग्रॅज्युएट मी. हे मी मिरवते आणि मिरवणारच, कारण फुकट मिळालेलं नाही. पण त्याच्या मागोमाग जी लाज आली तीही माझीच. कॉलेजच्या प्रवेशाच्या फॉर्मवर पालकाचा व्यवसाय विचारला होता. माझ्या मागे एका अधिकाऱ्याची मुलगी उभी होती आणि माझ्या खांद्यावरून वाचत होती. काका बाहेर सायकल धरून उन्हात थांबलेले. मी लिहिलं, सुपरवायझर. मग एकदा लिहिलेलं पुढे सगळीकडे तेच लिहावं लागतं... निदान मला तसं वाटत गेलं. ज्यांना खरं माहीत होतं ते गप्प राहिले, आणि काका गेल्यावरही गप्पच राहिले. मेलेल्या माणसाचा हुद्दा कोण कमी करतो?

काका रिटायर झाले त्याच्या पुढच्याच वर्षी पाळकांनी उपासनेनंतर एक घोषणा केली. एका ख्रिस्ती संस्थेतर्फे निरनिराळ्या देशांतली माणसं झांबियातल्या एका गावात दोन खोल्यांची शाळा बांधायला जाणार होती. सेवाभावाने काम करणारे हात हवे होते. चर्चमध्ये साक्ष द्यायलासुद्धा कधी न उठणारे काका बाकावरून उठून उभे राहिले. मी चकित झाले. घरी आल्यावर विचारलं, या वयात एवढ्या लांब कशाला? काका ओळंब्याची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाले,

"जिंदगीभर भिंती बांधल्या पोरी, पण दाखवाले एक नाई. साऱ्या आगीत गेल्या. जळल्या का तोडा, तोडल्या का पुन्हा बांधा. राहतो तं तेही क्वार्टर, दुसऱ्यानं बांधलेलं. एक तरी भिंत उघड्यावर पायजे. लेकराईनं टेकून बसावं अशी."

फॉर्म इंग्रजीत होता. तो भरायला मीच बसले, दुसरं कोण होतं? व्यवसायाच्या रकान्यापाशी माझा हात थांबलासुद्धा नाही. वर आणखी लिहिलं की देखरेखीचा दीर्घ अनुभव आहे. असं लिहिलं तर निवड लवकर होईल, असं मी स्वतःला सांगितलं. काका शेजारी उभे होते, चष्मा लावून त्या इंग्रजी अक्षरांकडे बघत.

"मिस्त्री लिहिलं ना वं?"

"हो काका, लिहिलं."

निवड झाली. रायपूरच्या विमानतळावर त्यांना सोडायला गेलो तेव्हा नव्या सुटकेसमध्ये टॉवेलात गुंडाळलेली थापी आणि ओळंबा होता, आणि कपडे त्यामानाने फारच कमी. तीन आठवड्यांनी परत आले. विमानातल्या पावाबद्दल बोलले, तिथली माती दल्लीच्या लोहखाणीसारखी लाल आहे म्हणाले. शाळा झाली का विचारलं तर म्हणाले, "झाली ना." आणि तुमची भिंत? "झाली... चहा टाक." मागाहून संस्थेकडून फोटो आला. पांढरी टोपी घातलेले काका झाडाखाली खुर्चीत बसलेत, भोवती मुलं, आणि छातीवर नावाचा बिल्ला, खाली इंग्रजीत सुपरवायझर. मी तो फोटो बँकेतल्या कॉम्प्युटरवर लावला. काकांनी बिल्ला आणून आपल्या खोलीत ओळंब्याच्याच खिळ्याला अडकवला. मला वाटलं, त्यांना त्याचा अभिमान आहे. आल्यागेल्याला मी तो दाखवत असे आणि काका खाली बघत बसत.

काका गेल्यावर तीन आठवड्यांनी आम्ही घरी स्मरणाची प्रार्थना ठेवली. पत्रिका मीच छापून घेतली होती, तोच शब्द घालून. रायपूरहून सायमन म्हणून एक गृहस्थ आले. झांबियाला काकांबरोबर गेलेले, तिथे त्यांच्यासाठी इंग्रजीचं हिंदी करून सांगणारे. प्रार्थना झाल्यावर त्यांनी मला व्हरांड्यात बोलावलं. पत्रिका त्यांच्या हातातच होती.

त्यांनी सांगितलं ते असं. पहिल्याच सकाळी सगळ्यांना बिल्ले वाटले. काकांनी सायमनला आपला वाचायला लावला आणि ऐकून नुसती मान हलवली. मग काकांसाठी खुर्ची आली. सुपरवायझरसाहेबांनी उन्हात काम करायचं नाही, मुलांसाठी प्रार्थना करायची, फोटोला बसायचं. भिंत बांधत होती परदेशातून आलेली पोरंपोरी, ज्यांनी जन्मात थापी धरली नव्हती. गाणी म्हणत होती, मनाने वाईट नव्हती कोणी. त्या गावात मिस्त्री नव्हते असंही नाही. दोघं होते, काकांच्याच झाडाखाली हात बांधून बसलेले. त्यांच्या गावच्या शाळेला त्यांचे हात कुणालाच नको होते. चौथ्या दिवशी भिंत छातीएवढी झाली तेव्हा काकांना राहवलं नाही. ते उठले, खिशातून ओळंबा काढला, भिंतीला लावला आणि एक डोळा मिटून उभे राहिले. पोरांना वाटलं, हे वयस्क भारतीय गृहस्थ भिंतीला आशीर्वाद देताहेत. सगळ्यांनी टोप्या काढल्या आणि माना खाली घातल्या. कोणीतरी आमेन म्हणालं. भिंत चार बोटं कलली होती. झाडाखालचे दोघं मिस्त्री तेवढे हसले, आणि त्यातल्या एकाने आपल्या खिशातून सुतळीला बांधलेला लोखंडी नट काढून काकांना लांबूनच दाखवला.

त्या दिवशी सायमनला कळलं की हा माणूस कोण आहे. ते तडक टीमच्या प्रमुखाकडे निघाले होते. काकांनी त्यांचा हात धरला. सायमनने काकांचे शब्द मला जसेच्या तसे सांगितले, आणि सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

"बोले, बच्ची ने लिख के दिया है। मेरी बच्ची पढ़ी-लिखी है, उसका लिखा मैं झूठा नहीं करूँगा। मेरे जीते-जी बोलना मत।"

टीम परतल्यावर गावातल्या त्या दोघा मिस्त्रींनी भिंत उतरवून पुन्हा बांधली. सायमनने वर्षभराने तिचा फोटो काकांना मोबाइलवर दाखवला होता. काकांनी मोबाइल हातात घेतला, एक डोळा मिटून पाहिला आणि म्हणाले, "अब सीधी है।"

व्हरांड्यात मी काय बोलले ते आठवत नाही. बहुधा चहा घेऊन जा म्हणाले. माफी मागण्याइतकी अक्कल मला आली तेव्हा ऐकणारं माणूस जमिनीखाली होतं. काकांनी मला एकदा तरी रागावायचं होतं. आई म्हणते, त्यांना राग येतच नव्हता. मला ते पटत नाही. वाकडी वीट दिसली की त्यांचा चेहरा कसा होत असे, ते मी पाहिलेलं आहे. तो राग ते झांबियाहून आल्यापासून सात वर्षं माझ्यासमोर गिळत राहिले आणि मी त्यांच्या पुढ्यात उभी राहून पाहुण्यांना बिल्ला दाखवत राहिले.

गेल्या आठवड्यात कबरीवर विटांचा चौथरा बांधायला घेतला. पाटीवर नावाखाली घालायला 'मिस्त्री' एवढंच कागदावर लिहून दिलं. चर्चमधल्या एक काकू म्हणाल्या, जरा बरं काही लिही ना. मी म्हटलं, हेच बरं आहे. बांधणारा अंदाजाने विटा लावत होता. मी पिशवीतून ओळंबा काढून त्याच्यापुढे धरला. त्याने तो तळहातावर तोलून पाहिला आणि विचारलं, "किसका है, मैडम?"

"मेरे काका का। मिस्त्री थे, भट्ठी के।"

इतक्या वर्षांत तो शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदा निघाला. त्याने दोरी सोडली, पाहिलं आणि वरचे दोन थर काढून टाकले. चौथरा आता ओळंब्यात आहे. काकांच्या नावाची, उघड्यावरची तेवढी एकच भिंत. तीही त्यांच्या हातची नाही.

ओळंबा मी परत त्यांच्या खोलीतल्या खिळ्याला लावला आहे. बिल्ला काढून टाक, असं आई रोज म्हणते. मी काढलेला नाही. दार लागलं की दोन्ही हलतात. ओळंबा थोड्या वेळाने थांबतो. बिल्ला हलकाच, तो पंख्याच्या वाऱ्यावर फिरत राहतो, आणि फिरून फिरून माझा शब्द माझ्यासमोर येतो...