उडत्या तलवारींचा शो

प्रोजेक्टरच्या खोलीत माणूस एकटा असतो, त्याच्याकडे कसले किस्से, असं लोकांना वाटतं. पण भिंतीतल्या चौकोनी भोकातून सगळं थिएटर दिसतं. किस्से आपोआप साठतात.

मी साताऱ्याकडे तंबू टॉकीजवर मशीन चालवायचो. शिक्षण चौथी. शो एकदाही बंद पडू दिला नाही. मुलगा विलास अमेरिकेत, नोव्हाय गावी मोटार कंपनीत इंजिनियर. ऐंशी सालानंतर त्याने मला बोलावून घेतलं. जवळच लिऊसाहेब नावाच्या चिनी गृहस्थांचं जुनं थिएटर होतं. शनिवारी दुपारी चिनी पिक्चर लागायचे. मी मशीन धरलं.

विलास म्हणाला, "बाबा, एक जरी तक्रार आली तरी काम बंद. माझी इथे इज्जत आहे."

"माझीही आहे," म्हटलं.

*

एकदा उडत्या तलवारींचा पिक्चर आला. सकाळी रिकाम्या थिएटरात लावून पाहिला. एका तलवारीच्या शंभर झाल्या! माणसं ढगातून लढत होती. त्यांना उडवणारी तार कुठे बांधलीय ते शोधायचं मी ठरवलं. तीनदा पाहिलं. सापडली नाही.

*

रिळांच्या डब्यांवर चिनी आकडे. मी सूनबाईकडून कुंकू आणलं. पहिल्या डब्याला एक बोट, दुसऱ्याला दोन.

"पूजा?" लिऊसाहेबांनी विचारलं.

"नाही. नंबर."

त्यांना पटलं नाही. तेव्हापासून प्रत्येक डबा उघडताना ते हात जोडायचे.

*

विलासचा मित्र अविनाश म्हणाला, "काका, एवढे उडतात, मग घोडे कशाला ठेवलेत?"

"तुझ्याकडे गाडी आहे. पाय ठेवलेस ना?"

*

पिक्चरमधले रंगीत किरण, स्फोट, सगळं अमेरिकन पद्धतीने केलेलं, असं लिऊसाहेब अभिमानाने सांगायचे. पहिला शो सुटला. चिनी म्हातारे म्हणाले, "हे अमेरिकन आहे." कॉलेजातली अमेरिकन पोरं म्हणाली, "इतकं अस्सल चिनी कधी पाहिलं नव्हतं."

लिऊसाहेब गोंधळले. मी म्हटलं, "दोघांनाही नवीन दिसलं. अजून काय पाहिजे?"

*

पहिल्या रांगेत एक चिनी आजी बसायची. दर शनिवारी यायची आणि झोपायची. या पिक्चरला ती जागी राहिली. लिऊसाहेब मला वर सांगायला आले, "बघा, डोळे उघडे आहेत!"

*

पुढच्या शनिवारी विलास पहिल्यांदाच आला. थिएटर भरलेलं. शेवटचं रीळ. म्हातारा गुरू राक्षसासमोर एकटा उभा राहिला आणि फ्यूज उडाला. गुडुप अंधार. लिऊसाहेब तळघरात धावले. लोक उठायला लागले.

मी बॅटरी घेऊन खाली उतरलो.

विलासने हात धरला. "बाबा, चला. झालं आता."

हात सोडवला. पडद्यासमोर उभा राहिलो आणि मराठीत पुढची गोष्ट सांगायला लागलो. एका हातात बॅटरी, दुसरा तिच्यापुढे धरला. पडद्यावर तलवार उभी राहिली. दोन बोटांचा घोडा केला. राक्षसाचा आवाज काढला. गुरू पडला तसा मीही पडलो. गुडघा फुटला. उठलेले लोक खाली बसले.

गुरूने डोळे उघडले आणि दिवे आले. लिऊसाहेबांनी वर जाऊन पिक्चर सुरू केला.

आजी उभी राहिली. काठी उगारून वर काहीतरी ओरडली. पिक्चर थांबला.

लिऊसाहेबांनी वरून सांगितलं, "आजी म्हणतात, आधी त्याचं होऊ दे!"

त्यांनी दिवे पुन्हा घालवले. मी बॅटरी विलासच्या हातात दिली आणि दोन्ही हात मोकळे केले.