देव्हाऱ्यातला खुनी

"अरे, खून कुणी केला ते तरी कळू दे मला!" आप्पा हॉलमधून ओरडत होते, आणि खुनी आमच्या देव्हाऱ्यात, सरस्वतीच्या फोटोपुढे, हाराखाली आडवा पडला होता.

आप्पा म्हणजे माझे वडील. साताऱ्याहून आमच्याकडे अण्णा नगरला महिनाभर आले होते. चेन्नईत मी दोन वर्षं मराठी पुस्तक शोधलं, मिळालं एक पंचांग (तेही गेल्या वर्षीचं!). म्हणून जॉर्ज टाउनमधून स्वस्तातला टॅब आणला, त्यात चारशे मराठी ई-पुस्तकं भरली आणि आप्पांना फोनवर बजावलं, पिशवीत एकही पुस्तक आणू नका, अख्खं ग्रंथालय मांडीवर देतो.

माझ्या सासूबाई तंजावरी मराठी. इकडची रीत अशी की सरस्वतीपूजेला पुस्तकं देवापुढे मांडायची आणि दुसऱ्या दिवशी पूजा उतरेपर्यंत अक्षर वाचायचं नाही. दरवर्षी मी बँकेचं एखादं जाडजूड पुस्तक ठेवून सुटायचो. यंदा सासूबाईंनी टॅबलाच गंध-कुंकू फासलं. मी म्हटलं, अहो, यातलं एखादंच ठेवलं तर?

"असकी आत आहेत म्हणून तुम्हीच सांगितलंत की," त्या म्हणाल्या. (असकी म्हणजे सगळी. गेले दोन महिने मी भेटेल त्याला हेच सांगत होतो.)

आप्पांचं टॅबवरच्या रहस्यकथेचं नेमकं शेवटचं प्रकरण राहिलेलं. खुनी कळेपर्यंत जेवणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. सांबार निवलं. आप्पा अप्पळमकडेसुद्धा (म्हणजे इकडच्या पापडाकडे) संशयाने बघू लागले.

दुपारी सासूबाईंचा डोळा लागला तसा मी टॅब पळवला. पडद्यावर गंधाचा असा थर, की खुनाच्या पानावर बोट ठेवावं तर लोणच्यांचं पुस्तक उघडे! शेवटी ओलं फडकं घेऊन खसाखसा पुसला. ते गंधाचं पाणी थेट चार्जिंगच्या भोकात गेलं. टॅबने एकदा डोळे मिचकावले आणि चारशे पुस्तकांसह देह ठेवला. मी त्याला गुपचूप जागेवर निजवलं. हार तयारच होता.

सकाळी पूजा उतरली. आप्पांनी बटण दाबलं, परत दाबलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी सगळं कबूल केलं. कालपासून उपाशी माणूस, पुन्हा बटणच दाबत बसला.

सासूबाई कॉफी ओतता ओतता म्हणाल्या, "धाकटी जाऊ. औषधाच्या बाटलीतनं विष."

आप्पा झोपले की रोज दुपारी त्या टॅब घेऊन बसत होत्या. (त्यांना फक्त तमिळ वाचता येतं, असं मी आप्पांना छातीठोक सांगितलं होतं.) आप्पांनी समाधानाने सहा इडल्या हाणल्या.

"आई," मी कळवळून म्हटलं, "हे काल सांगितलं असतंत तर मी टॅबला हात तरी लावला असता का?"

"काल पूजा होती," त्या म्हणाल्या. "पुस्तकातलं बोलू नये."