पेन्सिलीचा रकाना

लीलाताईंच्या बोटात ड्यूटीवर कधी अंगठी दिसली नाही. लग्नातली अंगठी त्या रोज सकाळी देवघरातल्या डबीत काढून ठेवत आणि मगच जयेंद्रगंजातल्या घरातून दवाखान्यात निघत. अंगठीखाली जंतू राहतात, नवजात बाळांच्या वॉर्डात ती घालायची नाही, हे त्यांनी एकतीस वर्षांत किती नव्या सिस्टरांना शिकवलं असेल कोण जाणे. एका मोठ्या सर्जनलाही त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं. तो गडी अजून फुगून आहे.

वॉर्डात बाळ दगावलं की डॉक्टर रजिस्टरात कारण लिहीत: जंतुसंसर्ग, कमी वजन, श्वास कोंडला. लीलाताईंना ते अर्धवट वाटे. वजन कमी होतं हे खरं, पण थंडीत उघड्या जीपमधून दोन तास आणलं त्याचं काय? म्हणून त्यांनी कडेला पेन्सिलीने एक रकाना आखला होता, ‘त्याआधी’. आंघोळ कधी घातली, वाटेत किती वेळ गेला, तोंडात काय घातलं. विचारताना त्या आवाज चढवत नसत, कारण रागावलं की माणसं खोटं बोलतात. तरी घुट्टीच्या, म्हणजे जन्मल्यावर चाटवायच्या मधाच्या बाबतीत आज्या खोटं बोलतच. मध चाटवणाऱ्याचे गुण बाळात उतरतात, ही इकडची समजूत. घरातलं सगळ्यात भलं माणूस शोधून त्याच्या हातून चाटवायचं आणि दवाखान्यात कानांवर हात ठेवायचे!

जानेवारीत लीलाताईंची सून रुचिका आठव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी चिमुकली, पण दूध ओढत होती, म्हणून चौथ्या दिवशी घरी आली. लीलाताईंनी सगळ्यांना बजावलं, ‘आईच्या दुधाशिवाय थेंबही नाही.’ वॉर्ड भरलेला होता, त्या लगेच ड्यूटीवर गेल्या.

सातव्या दिवशी पोर गार पडली, दूध ओढेना. तिला लीलाताईंच्याच वॉर्डात आणलं. डॉक्टर मंजिरींनी विचारलं, “तोंडात काही दिलं होतं?”

“नाही मॅडम,” मुलगा विहंग म्हणाला, “कुणी काहीच नाही दिलं. सच में.”

त्याला खरंच ठाऊक नव्हतं. पण दुपारी लीलाताईंचे यजमान माधवराव वॉर्डाबाहेरच्या बाकावर त्यांच्याशेजारी येऊन बसले आणि खाली बघत म्हणाले, “लीला, मध मी चाटवला. परवा.”

लीलाताईंनी त्यांच्याकडे मान वळवली.

“तू होतीस ड्यूटीवर. आणि तू ऐकलंही नसतंस. म्हणून तुझी अंगठी घेतली डबीतून, मधात उगाळली. पोरगी तुझ्यासारखी निघावी, बस, इतकंच मनात होतं.”

लीलाताईंना भयंकर संताप आला. आणि त्याच क्षणी या माणसाची फार दयाही आली. त्या उठल्या आणि डॉक्टरांना सगळं सांगून आल्या. डॉक्टरांनी औषध बदललं.

नवव्या दिवशी पोर गेली.

“मधामुळेच झालं असं नाही म्हणता येणार,” मंजिरी म्हणाल्या. “महिनाभर आधी जन्मलेलं बाळ. कशानेही होऊ शकतं.” लीलाताईंनी मान हलवली. डॉक्टरांच्या रकान्यात जंतुसंसर्ग लिहिलेलं होतं, ते बरोबरच होतं. मग त्यांनी पेन्सिल घेतली. ‘पाचव्या दिवशी मध. सोन्याची अंगठी उगाळून. अंगठी सिस्टरची.’

घरचे नको म्हणत असताना, पोर गेल्यावर चौथ्या दिवशी त्या कामावर गेल्या. भिंडकडची एक म्हातारी नातवाला घेऊन आली होती. बाळ गार, ओठ सुकलेले. तोंडात काही दिलं का, हे विचारायच्या आधीच ती म्हणाली, “कछु नहीं दओ, सिस्टर. कछु नहीं.”

लीलाताईंनी प्रश्न विचारलाच नाही. त्या तिच्याशेजारी बसल्या.

“अम्मा, हमारे घर में चटाया था. शहद. हमारी पोती थी. नौ दिन की.”

म्हातारीने पदर तोंडाशी नेला. ती लीलाताईंच्या मोकळ्या बोटांकडे बघत राहिली.

“दओ थो, बेटी,” तिने कबूल केलं. “कल सबेरे. हमने ही दओ थो.”

लीलाताईंनी डोळे पुसले आणि डॉक्टरांना हाक मारली.