सुकलालदादाला वाचून दाखवलेलं पान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही – आणि ओळखत असलात तर इथून पुढे वेगळं ओळखाल.

परराज्यात, पांडेसऱ्यात मिलच्या मागे आमची एक खोली होती. दारातली गटार आज लाल, उद्या हिरवी – मिलमध्ये जो रंग चालू असेल तो. वडील लूमवर. यंत्रमागांच्या खडखडाटानं त्यांचे कान गेलेले, त्यामुळे घरात सगळे ओरडून बोलायचो. आई साड्यांचे लोंबते धागे कापायची. मी बारावी झालो आणि वडिलांनी मला डाइंग मिलमध्ये चिकटवलं. कॉलेज सकाळचं, पाळीही सकाळची. एकच काहीतरी होणार होतं.

बुद्धिबळ मला सुकलालदादानं शिकवलं. आमच्या शिरपूरकडचाच, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. जिगरवर – म्हणजे कापड रंगवायच्या मशिनीवर – कामाला. कोपरापर्यंत हात कायम रंगलेले. जेवणाच्या सुट्टीत कोऱ्या कापडाच्या गाठीवर खडूनं पट आखायचा आणि सगळ्या खात्याला हरवायचा. पण गावाकडच्या पद्धतीनं, जिथं प्यादं एकेकच घर चालतं. आमचे शेठ बाहेरच्या नियमांनी खेळायचे. म्हणून चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या पथारीवरून त्यानं एक इंग्रजी पुस्तक आणलं आणि माझ्या हातात दिलं. शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं.

"तू वाच, मी आयकस," म्हणाला.

मी वाचायचो, तो गाठीवर सोंगट्या मांडायचा. राजासमोरचं प्यादं दोन घरं – तिथून फुटणाऱ्या वाटा. इटालियन, स्पॅनिश, दोन घोड्यांचा बचाव. अडलं तिथं मी डिक्शनरी बघायचो, पण वाचायचो खरं. हे सांगायला हवं – तोवर मी खरं वाचत होतो.

मग शेठनी जाहीर केलं, ऑफिसात शेड कार्डं – रंगवलेल्या कापडाचे नमुने – चिकटवायला माणूस हवाय. काम दुपारचं. कार्ड कुणीही चिकटवेल, पण जेवणानंतर शेठशी डाव मांडणारा पाहिजे. मिलमध्ये स्पर्धा, जिंकेल तो ऑफिसात.

दुपारचं काम! म्हणजे सकाळी कॉलेज. मला रात्रंदिवस तेवढंच दिसत होतं. आणि दादाला? त्याला दम लागायचा. डॉक्टरनं सांगितलं होतं, रंगाच्या वाफेपासून लांब राहा. रंगाची नजर तर अशी, की ओल्या कापडावरून सुकलेला शेड सांगायचा. त्या खुर्चीवर कुणी बसायला हवं होतं, हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं.

त्याच आठवड्यात ते पान आलं. दोन घोड्यांचा बचाव. पांढऱ्याचा उंट बाहेर येतो, घोडा उडी मारून पुढे येतो – दोघांची नजर काळ्या राजाशेजारच्या एका प्याद्यावर. काळा वजिरासमोरचं प्यादं पुढे सारतो, पांढरा ते मारतो. आता काळ्यानं काय करायचं? हात आपोआप घोड्याकडे जातो – परत मारायला. पुस्तकात लिहिलं होतं, तसं करू नका. उंटाला धाक देत दुसरा घोडा पटाच्या कडेला न्या. मारण्याच्या खेळीपुढे प्रश्नचिन्ह छापलेलं होतं.

दादानं त्यावर निळं बोट ठेवलं. "हाई काय शे?"

"चांगल्या खेळीची खूण," मी म्हणालो.

तो पटाकडे बघत राहिला. त्याला दिसलं होतं – काय सांगू, त्याला न वाचता दिसलं होतं! "पन मंग त्याना घोडा आठे घुसना तं?"

"काही होत नाही. पुस्तकात लिहिलंय."

एवढंच. एवढंच मी बोललो. पुस्तकात लिहिलंय म्हटल्यावर त्यानं स्वतःचे डोळे खोटे ठरवले.

शेवटचा डाव आमच्या दोघांतच आला. पांढऱ्या सोंगट्या माझ्याकडे. फोल्डिंग खात्यात घड्या घालायच्या टेबलाभोवती सगळे उभे, शेठ खुर्ची ओढून बसलेले. पाचव्या खेळीला दादा थांबला. पटाकडे नाही, माझ्याकडे बघितलं. त्या क्षणीही मला सांगता आलं असतं – निदान मान खाली घालता आली असती. मी चेहरा कोऱ्या कापडासारखा ठेवला. त्यानं घोडा उचलला आणि मारलं.

माझा घोडा आत घुसला. राजा उघड्यावर आला. पुढे फार काही उरलं नाही.

"गुरूची विद्या गुरूला फळली रे!" कुणीतरी ओरडलं. "सुकलाल, आता चेल्याच्या पाया पड!" सगळे हसले. शेठ मला गुजरातीत म्हणाले, "कालथी ऑफिसमां आवी जजे" – उद्यापासून ऑफिसात ये. दादाही हसला. सोंगट्या डब्यात भरताना हळूच मला म्हणाला, "पुस्तक खोटं बोलस नई. मन्हंच ध्यान चुकनं."

आता बोलायची आणखी एक संधी होती, नाही का? मी डब्याचं झाकण लावलं.

तो आणखी सहा वर्षं जिगरवर राहिला. मग जिना चढवेना, तेव्हा गावी गेला. त्याआधी, माझा निकाल लागला त्या दिवशी, रंगलेल्या बोटांत पेढ्यांचा पुडा धरून आमच्या खोलीवर आला होता. बहिऱ्या वडिलांच्या कानाशी ओरडून सांगत होता – "हाऊ पोऱ्या मन्हा हातखाल शिकना!" मी त्याच्या हातचा पेढा खाल्ला.

पुस्तक माझ्याकडे आहे. त्या पानावर प्रश्नचिन्हाशी निळा ठसा आहे.

मी बी.कॉम. झालो, सेकंड क्लास. आमच्या घरातला पहिला पदवीधर.