झबल्याचे बंद

कारखान्यात तिला सगळे भिंग म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. तयार कपड्यांच्या त्या कारखान्यात ती शेवटच्या टेबलावर बसे. शर्ट शिवून, बटणं लावून तिच्यासमोर येई, आणि ती तो आधी उलटा करून आतली शिवण बघे. सगळं जग कपडा सुलट बाजूनं बघतं, हिचा त्या बाजूवर काडीचा विश्वास नव्हता. टाका सुटलेला दिसला की खडूनं फुली मारायची आणि शर्ट परत पाठवायचा. कुठल्या शिवणीमागे कोणाचा हात आहे हेही तिला न विचारता कळे. "हा त्या उंच बाईचा, ती कोपऱ्यावर घाई करते," असं ती म्हणे आणि उंच बाई नाक मुरडत कबूल करी.

तिला दिवस गेले तेव्हा नवरा हसून म्हणाला, "आता काय करशील? नऊ महिने आतली बाजू बघायला मिळणार नाही." तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर अंधाऱ्या खड्ड्यात उतरून आलेल्या माणसाला घरी आल्यावर विनोद सुचत, आणि ती त्यांच्यावरही फुली मारी.

प्रसूतीच्या वेळी कळांनी जीव नकोसा झालेला असताना तिनं अंगाखालच्या चादरीची कड चाचपली आणि नर्सला विचारलं, "ही धुतलेली आहे ना?"

"बाई, तुम्ही जोर लावा," नर्स म्हणाली. "चादरीचं आम्ही बघतो."

मुलगी झाली. छातीवर ठेवल्या ठेवल्या तिनं पोरीची बोटं तपासली, तळवे, कानांच्या मागची बाजू, मानेची घडी. फुली मारावी असं काही म्हणजे काही सापडेना. तेव्हा ती ढसाढसा रडली. इतकी गच्च माया तिला आजवर कशाचीच वाटली नव्हती, आणि तिच्या पाठोपाठ भीती आली. इतका निर्दोष जिन्नस आता दहा जणांच्या हातातून जाणार होता.

त्या दहा जणांतलं पहिलं नाव नणंदेचं होतं. नवऱ्याच्या या थोरल्या बहिणीला आणि तिला एकदमच दिवस गेले होते. नणंदेची प्रसूती जेमतेम पंधरा दिवस आधी झाली आणि बाळ रडलंच नाही. तिचा नवरा कामावर परगावी गेला, आणि ती आईकडे येऊन खालच्या खोलीत, इस्त्रीच्या दुकानामागे, दार लोटून पडून राहिली. दोन्ही बाळांची झबली तिनंच शिवली होती. शिवणाऱ्या बाईला शोभेल अशी घरात एकच कात्री होती आणि तीही डावखुरी, कारण नणंद डावखुरी. भिंगबाईनं एकदा ती वापरून अंगठ्याला फोड आणला होता आणि तेव्हापासून कात्री आणि कात्रीची मालकीण दोघींना ती जरा लांबूनच वागवी.

दवाखान्यातून निघायच्या दिवशी ती नवऱ्याला हळूच म्हणाली, "अहो, ताईंच्या हातात इतक्यात बाळ नको द्यायला. त्या सावरलेल्या नाहीत अजून. कधी काय मनात येईल, सांगता येत नाही."

सासू दाराशी पिशवी भरत उभी होती. तिनं ऐकलं की नाही कळलं नाही, कारण तिनं फक्त पिशवीची चेन ओढली.

घर म्हणजे खाली सासूचं इस्त्रीचं दुकान, दुकानातूनच वर जाणारा उभा जिना, आणि वर दोन खोल्या. सकाळपासून खालून वाफेचा आणि गरम सुताचा वास येई. नणंद वर आली नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्याही दिवशी नाही. भिंगबाईला सुटल्यासारखं वाटलं आणि तसं वाटल्याबद्दल थोडी लाजही वाटली, पण सुटल्याचं पारडं जड होतं.

खरी पंचाईत वेगळीच होती. पोरगी छातीला लागे, ओढे, ओढून ओढून लाल होई आणि सोडून देऊन किंचाळे. शेजारीण आली, तिनं विचारलं, "दूध येतंय ना गं?" कारखान्यातल्या बायका आल्या, त्यांनीही तेच विचारलं. ज्या बाईनं जन्मभर दुसऱ्यांच्या कामावर फुल्या मारल्या, तिला तो प्रश्न स्वतःवर मारलेल्या फुलीसारखा लागे. "येतंय की, भरपूर येतंय," ती ठसक्यात सांगे. पाहुण्या गेल्या की दार लावून पुन्हा पोरीला जवळ घेई आणि मनातल्या मनात विनवण्या करी. आपलं मूल आपल्या दुधावर वाढावं, बस, एवढंच तिला हवं होतं. तेवढं झालं असतं तर बाकी सगळ्या जगाला तिनं पास केलं असतं.

आणि मग ते होऊ लागलं. पोरगी संध्याकाळी शांत राहू लागली. गालांवर गोलाई आली. दवाखान्यातल्या बाईनं वजनकाट्यावर ठेवून "छान, छान वाढतेय हं" म्हटलं, तेव्हा भिंगबाईची मान अशी काही ताठ झाली की नवरा म्हणाला, "जरा खाली बघ, पायरी आहे."

पण सवय कुठे जाणार? कापड फार गुळगुळीत दिसलं की तिचा हात आपसूक उलट्या बाजूकडे जाई. दुपारी जेवण झालं की सासू म्हणे, "तू जरा पड. बाळाला मी बघते." ती गाढ झोपे. उठे तेव्हा बाळ शेजारी, पोट तट्ट, ओठ ओलसर, आणि छातीशी धरलं तर तोंड फिरवून घेई. तिच्याकडून तर दुपारभर प्यालं नव्हतं. मग पोट भरलं कशानं?

संशयाला एकदा दार उघडलं की तो पाय पसरून बसतो. सासू बाळाला वरचं दूध पाजतेय, हे तिच्या मनानं ठरवून टाकलं. न विचारता, न सांगता! म्हणजे वजनकाट्यावरची ती शाबासकीही तिची नव्हतीच. तिनं सासू खाली गेल्याची संधी साधून स्वयंपाकघर धुंडाळलं. फडताळाच्या वरच्या फळीवर बघितलं, पिठाच्या डब्यात हात घातला, ओट्याखालची भांडी एकेक हुंगली. बाटली नाही, पावडरीचा डबा नाही, काही नाही. केराच्या बादलीत वाकलेली असताना मागून आवाज आला.

"काय शोधतेस गं?"

"चमचा."

"केरात?" सासूनं विचारलं.

"चुकून गेला असेल म्हणून..."

सासूनं ओट्यावरचा चमचा उचलून तिच्या हातात दिला आणि खाली निघून गेली. काही लपवायचं नसतं तर बाई चार शब्द जास्त बोलली असती, असं भिंगबाईला वाटलं.

रात्री तिनं नवऱ्याला ढोसलं, "तुमच्या आई बाळाला काहीतरी पाजतात."

"काय पाजतात?"

"तेच तर शोधतेय."

"तू बाळाला पण लेबल लाव," नवरा कूस बदलत म्हणाला. "शिक्का मारून ठेव, म्हणजे उघडलं की कळेल."

त्यानं थट्टेनं म्हटलं, पण तिनं कान टवकारले. दुसऱ्या दिवशी दुपारी निजण्याआधी तिनं झबल्याच्या बंदांकडे नीट बघून घेतलं. तिनं स्वतः बांधलेली सुरगाठ, फासे एका अंगाला वळलेले. पोरगी पाय झाडून ती गाठ नेहमी सैल करी, आणि जाग आली की तिलाच पुन्हा बांधावी लागे.

उठली तेव्हा गाठ घट्ट होती. सैल झालेली नव्हती, कुणीतरी सोडून पुन्हा बांधली होती. तिनं वाकून बघितलं. फासे उलट्या अंगाला वळले होते. सासू उजव्या हाताची, नवरा उजव्या हाताचा. गाठ डाव्या हाताची होती.

ताई! जिच्या हातात बाळ द्यायचं नाही असं तिनं बजावलं होतं, त्याच हातांनी तिच्या पोरीचं झबलं उघडलं होतं. कशासाठी? भिंगबाईच्या मनात जे जे आलं ते सांगण्यासारखं नाही. आपलं बाळ गेलेल्या बाईला दुसरीचं बाळ बघून काय काय वाटू शकतं, याची तिनं एकाच संध्याकाळी इतकी चित्रं रंगवली की घास गिळवेना. सासू विचारत होती, "जेवत का नाहीस?" आणि ती सासूच्या तोंडाकडे बघत होती. ही सामील आहे, सगळं हिच्या देखत चाललंय.

पुढच्या दुपारी ती जेवली, आडवी झाली, डोळे मिटले आणि घोरण्याचं सोंगही आणलं. सासू पाऊल न वाजवता आली. बाळाला उचललं, थांबली, पुन्हा तिच्याकडे बघून घेतलं आणि जिना उतरली. भिंगबाईनं उशीची कड मुठीत धरून थोडा वेळ कसाबसा काढला. मग अनवाणी निघाली. प्रसूतीचे टाके अजून ओढले जात होते, प्रत्येक पायरीला ओटीपोटात कळ येत होती, पण त्या क्षणी कुणी आडवं आलं असतं तर तिनं त्याला उभा फाडला असता.

दुकान रिकामं होतं. टेबलावर अर्धवट इस्त्री केलेली पँट, आणि सासू मागच्या खोलीच्या दाराशी पाठमोरी, राखणीला उभी असल्यासारखी. दार नेहमीसारखं लोटलेलं, पण फट होती. सासूच्या खांद्यावरून तिला आत दिसलं.

नणंद भिंतीला टेकून खाली बसली होती आणि पोरगी तिच्या अंगावर पीत होती. किंचाळणं नाही, लाल होणं नाही. गटागटा, श्वास घ्यायलाही न थांबता. नणंदेचा डावा हात बाळाच्या पाठीवर होता आणि ती बाळाशी हळू आवाजात बोलत होती.

"पी, पोटभर पी. आणि वर गेलीस ना, की आईकडेही ओढायचं. आळस करायचा नाही. तू ओढलं नाहीस तर तिचं आटेल गं. माझं काय, माझं आटणारच आहे."

भिंगबाई आत घुसायला आली होती. तिच्या तोंडात शब्दही तयार होते, आणि वाईट शब्द होते. ते तिथंच अडकले. तेवढ्यात सासू वळली. दोघी समोरासमोर, मध्ये इस्त्रीचं टेबल. सासूचा चेहरा पांढराफटक पडला, पण ती बाजूला झाली नाही. तिनं हळूच हात मागे नेऊन दाराची फट बंद केली.

"दवाखान्यातल्या बाईनंच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं," ती कुजबुजली. "तुझ्या एकटीच्या दुधावर भागायचं नाही म्हणून. तुला सांगायची छाती झाली नाही. तू तर येईल त्याला भरपूर येतंय म्हणून सांगत होतीस."

सासूनं मानेनं मागच्या दाराकडे खूण केली.

"आणि हिला छातीत गाठी झाल्या होत्या. तापानं फणफणली होती. एकीचं पुरत नव्हतं, एकीचं थांबत नव्हतं. मी काय करायला हवं होतं, तूच सांग. वर चल म्हटलं तर ती येईना. वहिनीला आवडायचं नाही म्हणाली."

म्हणजे पिशवीची चेन ओढताना सासूनं ऐकलं होतं. कदाचित नवऱ्यानं सांगितलं असेल, कदाचित न सांगताही नणंदेला कळलं असेल. काही असो, खाली पोचलं होतं.

ती मुकाट्यानं जिना चढून वर गेली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. तिला राग आला होता, वजनकाट्याचा, दवाखान्यातल्या बाईचा, स्वतःच्या छातीचा. आपण आई म्हणून कमी पडलो हे तिला त्या दुपारी पहिल्यांदा स्वच्छ शब्दांत कळलं आणि ते फार लागलं. ती उशीत तोंड खुपसून रडली. आणि रडताना मध्येच तिच्या डोळ्यांसमोर ते लोटलेलं दार आणि त्यापुढे राखणीला उभी सासू येई. जणू त्या खोलीत चोरी चालली होती.

थोड्या वेळानं सासूनं बाळ आणून शेजारी ठेवलं. तिनं सवयीनं झबल्याची गाठ बघितली. उलट्या अंगाचे फासे, घट्ट, दोन्ही टोकं सारखी. झबलं उलटून तिनं आतली शिवणही बघितली. डाव्या हाताची, बारीक टाक्यांची, एकही टाका सुटलेला नव्हता. पोरगी जागी झाली आणि तिच्याकडे वळून ओढू लागली. थोडंसं आलं, तेवढं तिनं पाजलं.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर सासू म्हणाली, "पड जरा." तिच्या आवाजात धाक होता, नेहमीचा नव्हे, उलटा, सुनेचा.

"नाही," भिंगबाई म्हणाली आणि बाळाला उचलून स्वतःच जिना उतरली. हळूहळू, भिंतीला धरून. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्या देखत ती मागच्या खोलीकडे गेली आणि दार सताड उघडलं.

नणंद चटकन उठून उभी राहिली. गुन्हा करताना पकडल्यासारखे तिचे हात छातीशी गेले. "वहिनी, मी... आई म्हणाली म्हणून मी..."

भिंगबाईला बरंच काही बोलायचं होतं. जिना उतरताना तिनं ते जुळवलंही होतं. ते सगळं सोडून तिनं पोरीला नणंदेच्या हातात दिलं. झबल्याचे बंद मोकळे लोंबत होते.

"बांधले नाहीत मी," ती म्हणाली. "पाजून झालं की तुम्हीच बांधा, ताई. माझी गाठ टिकत नाही. आणि बांधलं की वर घेऊन या, तुम्ही स्वतः."